नकाशात नसलेला मंगळवार

मित्रांनो, मला उलगडायला दोन माणसे लागतात. एकाने टोक धरायचे आणि दुसऱ्याने मागे मागे चालत जायचे. पुरी उलगडले की मी दहा मीटर भरते. भिंतीला चिकटवायच्या कागदाची एक जुनी गुंडाळी, एवढीच माझी ओळख. माझ्या पुढच्या बाजूला गुलाबी ट्युलिप छापलेले आहेत, पण त्यांच्याकडे आजवर कोणी ढुंकून पाहिलेले नाही. माझे सारे आयुष्य पाठीवर गेले. सध्या मी वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातल्या कोठीत, वरच्या फळीवर, ग्रीसच्या डब्यांशेजारी असते. वास येतो, पण जागा उबदार आहे.

माझा जन्म अल्माटी शहराजवळच्या एका छापखान्यात झाला. रंगाच्या रुळाखालून निघताना मी किती स्वप्ने पाहिली होती! कुणा नव्या सुनेच्या खोलीत मला लावतील, पुढे तिची मुले माझ्यावर पेन्सिलीने रेघोट्या मारतील आणि बोलणी खातील, असे मला वाटे. झाले भलतेच. माझ्या बहिणी कारखान्याच्या विश्रामगृहाच्या भिंतींवर गेल्या. भिंत मोजणाऱ्याचा हिशेब चुकला आणि मी एकटी उरले. रौशान आपांनी मला कोठीत ठेवून दिले. रौशान आपा म्हणजे कोठीच्या राणीसाहेब. त्यांच्याकडून एक खिळा न्यायचा तरी माणसाला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. त्यांच्या राज्यात मी नऊ वर्षे पडून होते.

मग एका मे महिन्यात मुख्य कचेरीतून झाउरे आली. तिशीची, चष्मेवाली, भरभर चालणारी. ती दारात उभी राहून म्हणाली, "आपा, मला मोठा कागद हवाय. खूप मोठा. दहा मीटर तरी."

"दहा मीटर? कारखान्याला सदरा शिवतेस की काय?"

"नाही हो. काम कसं चालतं त्याचा नकाशा काढायचाय."

"काम चालतं कुठे, पोरी? रांगतंय ते. कागद नाही माझ्याकडे. हे घे, भिंतीचं आहे. मागची बाजू कोरी आहे. आणि फुलांवर लिहू नकोस हं, चांगली आहेत."

मित्रांनो, माझ्या फुलांना कोणी चांगले म्हटल्याची ही पहिली आणि शेवटची वेळ.

झाउरे का आली होती ते सांगते. आमच्या कारखान्यात धान्याच्या वॅगन दुरुस्तीला येतात. फाटकातून आत आलेली वॅगन पुन्हा बाहेर पडायला एकोणीस दिवस लागत. रेल्वेने स्पष्ट कळवले होते की कापणी सुरू होईपर्यंत हे दिवस बारावर आणा, नाहीतर आम्ही वॅगन दुसरीकडे पाठवू. वॅगन दुसरीकडे गेल्या असत्या तर आमचे चाकखाते बंद होणार होते. चाकखात्यात सत्तर माणसे. आमच्या गावात हा कारखाना, एक स्टेशन, आणि त्यापलीकडे क्षितिजापर्यंत गवत. त्या सत्तर जणांनी जायचे कुठे?

मला चाकखात्याच्या जेवणघरात, लांबच्या भिंतीवर ठोकले. फुले भिंतीकडे, पाठ लोकांकडे. पहिल्या दिवशी मला फार अपमान वाटला. मग झाउरेने माझ्यावर आडवे पट्टे आखले. एक पट्टा फाटकाचा, एक धुलाईचा, एक चाकखात्याचा, एक क्रेनवाल्यांचा, एक रंगकामाचा. प्रत्येक काम एका चौकोनात. जिथे हो की नाही ते ठरवायचे, तिथे शंकरपाळ्याचा आकार. एका कामातून दुसरे सुरू होते तिथे बाण. प्रत्येक चौकोनावर पिवळी चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर ते काम किती वेळ खाते त्याचा आकडा.

लोक जेवायला येत, चहाचा पेला हातात घेऊन माझ्यापुढे उभे राहत आणि भांडत. धुलाईवाले म्हणत, आम्ही चार तासांत वॅगन देतो, चाकवालेच ती दोन दिवसांनी नेतात. चाकवाले म्हणत, आम्हाला निरोपच येत नाही. वीस वर्षे एका छपराखाली काम केलेल्या माणसांना शेजारच्या दाराआड काय चालते हे ठाऊक नव्हते. मोठ्या कारखान्यात असेच असते. ज्याला त्याला आपला चौकोन तेवढा दिसतो, बाण कोणालाच दिसत नाहीत. मी ते बाण दाखवत होते. जूनच्या मध्यापर्यंत मला माझ्या पाठीचा अभिमान वाटू लागला होता.

पण एक गोष्ट जमेना. झाउरेने सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज केली. ती बारा दिवस आली.

तिने चाकखात्याच्या प्रमुखाला, बेकमुरातला, बोलावले. बेकमुरात पन्नाशीचा, दणकट, मिशीवाला माणूस. यंत्रापुढे वाघ, पण अवघड प्रश्न आला की तो छताकडे पाही.

"बेकमुरात भाऊ, नकाशावर बारा दिवस होतात आणि वॅगन बाहेर पडते एकोणीस दिवसांनी. मधले सात दिवस कुठे आहेत?"

"बेरीज चुकली असेल."

"तीनदा केली."

"मग चौथ्यांदा कर. आमची माणसं खोटं बोलत नाहीत."

हे खरे होते. कोणीही खोटे बोलले नव्हते. तिने पुन्हा एकेकाला विचारले. चाक काढल्यावर काय करता? साफ करतो. मग? यंत्रावर तपासतो, तडा आहे का बघतो. मग? मग क्रेन उचलते. या शेवटच्या वाक्यापाशी मात्र प्रत्येक जण पेल्यात पाहू लागे. अळीमिळी गुपचिळी. मी भिंतीवरून सगळ्यांचे चेहरे पाहत होते, पण माझ्यावर जे कोणी लिहिलेच नाही ते मी तरी कसे सांगणार?

शेवटी झाउरेने एक चाकजोडी निवडली, तिच्यावर खडूने ४१८ लिहिले आणि तिच्याशेजारी स्टूल टाकून बसली. गुरुवारी दुपारी यंत्राने ४१८ ला पास केले. शुक्रवार गेला. शनिवार गेला. चाकजोडी अंगणात उन्हात उभी, आणि ही तिच्याशेजारी डोक्याला रुमाल बांधून बसलेली. रौशान आपा तिला ताक नेऊन देत आणि म्हणत, "ऊठ गं, ते चाक पळून जाणार नाही." मंगळवारी सकाळी एक वृद्ध गृहस्थ सायकलवरून आले. त्यांनी हातोडीने प्रत्येक चाकावर टकटक केले, कान लावून ऐकले, चाकाच्या कडेवर तळहात ठेवून ओठांतल्या ओठांत काही म्हटले आणि खडूची खूण केली. त्यानंतर क्रेनवाला हलला. आठवडाभराची चाके एकदम सुटल्यामुळे क्रेनपाशी जी रांग लागली ती पुढच्या सोमवारी संपली.

सरासरी चार दिवस खडूच्या खुणेची वाट आणि तीन दिवस क्रेनची. हे झाले सात. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

ती धावतच जेवणघरात आली. "बेकमुरात भाऊ, हा चौकोन नकाशात का नाही?"

बेकमुरातने छताकडे पाहिले. "अगं, तो चौकोन नाही. तोके आहेत ते."

मित्रांनो, त्यांचे नाव तोलेगेन, पण आमच्याकडे वडीलधाऱ्याला पुऱ्या नावाने हाक मारत नाहीत, म्हणून ते सगळ्यांचे तोके. हे चाकखाते त्यांनीच उभे केले. बेकमुरातला हातोडी धरायला त्यांनीच शिकवले. पाच वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या जेवणात बेकमुरात भरल्या डोळ्यांनी म्हणाला होता, "तोके, तुमचा हात लागल्याशिवाय इथलं एकही चाक प्रवासाला निघणार नाही." आमच्याकडे लांबच्या प्रवासाआधी म्हाताऱ्यांचा आशीर्वाद घेतात. माणूस घेतो, मग चाकाने का घेऊ नये? आधी तोके रोज येत. मग गुडघे दुखू लागले आणि आठवड्यातून तीनदा येऊ लागले. मग फक्त मंगळवारी. शब्द दिलेला होता, तो मोडायचा कसा? आणि वडीलधाऱ्या माणसाला चौकोनात कोंबून त्यावर 'विलंब' अशी चिठ्ठी लावायची, हे तर कोणाच्या स्वप्नातही आले नसते. म्हणून कोणी काढलेच नाही.

"त्यांच्यामुळे त्यांचंच खातं बंद पडतंय," झाउरे हळू आवाजात म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग सांगा त्यांना."

"तू सांग. तू परकी आहेस, तुला माफ करतील."

"मी सांगितलं तर मुख्य कचेरीनं हाकललं असं होईल. तुम्ही सांगा."

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, यावर दोन दिवस गेले. कापणीला सहा आठवडे उरले होते. शेवटी रौशान आपांनी मला खिळ्यांवरून काढले, गुंडाळले आणि दोघांच्या हातांत माझे एकेक टोक दिले. "जा. त्यांच्या पाठीमागे काही ठरवू नका, त्यांच्यापुढे अंथरा. त्यांना वाचता येतं."

शनिवारी दुपारी आम्ही रूळ ओलांडून तोकेंच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी कुल्याश आजींनी दार उघडले, बसवले, बाउर्साकची, म्हणजे कणकेच्या तळलेल्या गोळ्यांची, परात पुढे केली, पेल्यात दोन घोट चहा ओतला. आमच्याकडे पेला थोडाच भरतात. गच्च भरून दिला तर समजावे की आता उठायची वेळ झाली. मला जमिनीवर अंथरले. एका टोकावर परात, दुसऱ्यावर किटली. खोली पुरली नाही, माझा रंगकामाचा पट्टा दाराबाहेर ओसरीत गेला.

तोकेंनी चष्मा लावला आणि गुडघे धरत माझ्याशेजारी बसले. फाटकापासून सुरुवात करून त्यांनी बाणांवरून बोट फिरवत नेले. ते बोट जाड, खरखरीत आणि अगदी सावकाश चालणारे होते. धुलाई झाली. चाक काढले. साफ केले. यंत्रावर तपासले. बोट क्रेनवर आले, थांबले आणि परत मागे गेले.

"मी कुठे आहे?"

बेकमुरात छत पाहत होता.

"बेकमुरात, माझ्या छताला काय झालंय? गळतंय का?"

"नाही, तोके."

"मग इकडे बघ. पाच वर्षं मी सायकल मारत येतोय, आणि एवढ्या मोठ्या कागदावर माझ्यापुरती जागा नाही?"

मित्रांनो, आम्हा सगळ्यांना भीती होती की काढून टाकल्याचे त्यांना दुःख होईल. त्यांना दुःख झाले ते मुळातच काढले नव्हते त्याचे. मला तेव्हा माझ्या कोऱ्या जागेची लाज वाटली.

कुल्याश आजी म्हणाल्या, "आता कोणी तोंड उघडलं नाही ना, तर मी सगळ्यांचे पेले काठोकाठ भरीन."

तेव्हा बेकमुरात बोलला. एकोणीस दिवस, बारा दिवस, हरवलेले सात, मंगळवार, क्रेनची रांग, सत्तर माणसे. एकही गोष्ट त्याने गाळली नाही.

तोकेंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पाच वर्षांत मी किती चाकं परत पाठवली?"

"दोन."

"यंत्रानं किती सोडली होती?"

"त्यातलं एक यंत्रानं धरलं असतं, त्या दिवशी घाई झाली. दुसरं नसतं धरलं. बेअरिंगचं झाकण सैल होतं. तडा नव्हता, म्हणून यंत्र काही बोललं नाही."

"पण हातोडी बोलली."

"हो. हातोडी बोलली."

झाउरेने पेन्सिल उचलली. "तोके, ते सैल झाकण ऐकायला किती वेळ लागतो?"

"ऐकायला? दोन मिनिटं. शिकायला महिनाभर. यानं तर चार महिने घेतले होते," बेकमुरातकडे हनुवटी करत ते म्हणाले. मग एकाएकी हसू लागले. "आणि अरे गाढवा, मला वाटायचं तुम्हाला यंत्राचा भरवसा नाही, म्हणून मला बोलावता. नाहीतर या गुडघ्यांनी मी पाच वर्षं ते रूळ कशाला ओलांडले असते? हिला विचार, सोमवारी रात्री तेल चोळून घ्यायचो."

"आणि आम्हाला वाटायचं, नाही बोलावलं तर तुम्हाला वाईट वाटेल," बेकमुरात म्हणाला.

"वाईट वाटलंच असतं. पण खातं बंद पडण्याइतकं नाही."

दोन्हीकडची माणसे एकमेकांसाठी झिजत होती आणि मधल्या मध्ये वॅगन उन्हात तापत होत्या. तोकेंनी झाउरेकडून पेन्सिल मागून घेतली. यंत्र आणि क्रेन यांच्या मध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने एक चौकोन काढला. जरासा वाकडा. त्यात लिहिले, 'तोलेगेन, मंगळवार'. मग त्यावर आडवी रेघ मारली.

"पुसायचं असेल तर आधी लिहावं लागतं, पोरी," ते म्हणाले. मग यंत्राच्या चौकोनात त्यांनी बारीक अक्षरात आणखी दोन शब्द घातले: 'हातोडीने ऐकणे'. पुढचे पाच आठवडे ते रोज बेकमुरातच्या गाडीतून आले आणि तपासणीवरच्या चौघांना सैल झाकणाचा आवाज शिकवून गेले. शेवटच्या दिवशी सगळे अंगणात उभे राहिले. तोकेंनी दोन्ही तळवे वर धरले आणि म्हणाले, "आजवर निघालेल्या आणि यापुढे निघणाऱ्या सगळ्या चाकांना, वाट मोकळी मिळो." सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. एकदाच दिलेला आशीर्वाद सगळ्या चाकांना पुरला.

कापणी सुरू झाली तेव्हा आमची वॅगन साडेअकरा दिवसांत बाहेर पडत होती. चाकखाते राहिले. माझे कौतुक तर विचारू नका! मुख्य कचेरीतून साहेब आले, माझ्यापुढे उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतले. दुसऱ्या कारखान्यांतली माणसे वह्या घेऊन आली. झाउरेला बढती मिळाली आणि तिने माझी नक्कल संगणकात उतरवली. सुबक, सरळ, एकही वाकडा चौकोन नाही. त्यात खोडलेला चौकोनही नव्हता, कारण जे नाही ते संगणकात कशाला दाखवायचे? ती निघून गेल्यावर माझा एक खिळा पडला. तो कोणी परत ठोकला नाही. नोव्हेंबरपर्यंत माझा एक कोपरा लोंबत होता आणि लोक त्याखालून वाकून जात होते. मला वाईट वाटत होते, ते मी लपवत नाही.

असेच एका मंगळवारी कुल्याश आजी जेवणघरात आल्या. रौशान आपांसाठी त्यांनी कुर्ताची, म्हणजे वाळवलेल्या खारट दह्याच्या गोळ्यांची, पिशवी आणली होती. बेकमुरात तिथेच चहा घेत होता.

"तोके कसे आहेत, आजी?" त्याने विचारले. "यायचं यायचं म्हणतो, पण वॅगनमागून वॅगन आहे. श्वास घ्यायला वेळ नाही."

"चांगले आहेत. गुडघे बरे आहेत आता," आजी म्हणाल्या. त्या पिशवीची गाठ सोडत होत्या, ती सुटत नव्हती. "मंगळवारी मात्र पहाटेच उठतात. दाढी करतात, टोपी घालतात, हातोडी पुसतात. मग खिडकीशी बसून राहतात. मी म्हणते, अहो टोपी तरी काढा. तर म्हणतात, राहू दे, जेवणापर्यंत."

बेकमुरातने पेला खाली ठेवला. या वेळी त्याने छताकडे पाहिले नाही. माझ्या लोंबत्या कोपऱ्याखालून तो बाहेर गेला आणि ऐन कामाच्या वेळेला, पायी, रूळ ओलांडून पलीकडे गेला. परतला तेव्हा तोके त्याच्या सोबत होते, टोपीसकट. दोघे माझ्यासमोरच्या बाकावर बसले आणि काहीही न तपासता चहा प्याले. तेव्हापासून दर मंगळवारी कोणी ना कोणी त्यांना आणायला जाते. त्यासाठी कुठेही चौकोन नाही, बाण नाही, चिठ्ठी नाही. पुढे मला भिंतीवरून उतरवून या फळीवर ठेवले, तरी जेवणघरातले त्यांचे हसणे मला इथे ऐकू येते.

मित्रांनो, पुढे तुम्हीही मोठ्या कचेऱ्यांत, इस्पितळांत, कारखान्यांत कामे कराल. कामाचे नकाशे जरूर काढा. जसे असायला हवे तसे काढू नका, जसे आहे तसे काढा, आणि ज्याचे नाव घ्यायला सगळे संकोचतात त्याला आधी काढा. नको असलेला चौकोन धीराने खोडा. पण मी दहा मीटर लांब होते, सत्तर माणसांनी मला दोन महिने न्याहाळले, तरी त्या चौकोनातून उठलेला माणूस आता कुठे जाऊन बसेल, हे आमच्यापैकी एकालाही विचारायचे सुचले नाही. तुम्ही तेवढे विचारा. बेकमुरात रूळ ओलांडून गेला त्या मंगळवारी आमच्याकडची एक वॅगन एक तास उशिरा सुटली. तो तास कोठे गेला, हे आजवर कोणीही शोधलेले नाही.